धोक्याचा भोंगा : उभारणी, निगा आणि अर्थबोध

भोपाळ रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस अशोका गार्डन ही दाट वस्ती आहे. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना तेथून काही किलोमीटरवरच होता. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडू लागला. नागरिकांना सावध करणारा भोंगा एकच्या सुमारास थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. तो पुन्हा सलग वाजला तो दोननंतर. तोवर वायू झोपलेल्या वस्त्यांत शिरला होता. शिवाय कारखान्याचा भोंगा एरवीही वाजत असल्याने अनेकांना त्याचा अर्थ उमगला नाही. भोंगा असणे, तो वेळेवर वाजणे आणि त्याचा अर्थ लोकांना कळणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या रात्रीचा धडा होय.

भोंगा कसा वाजतो?

जुन्या विद्युत भोंग्यात मोटारीने फिरणारे पंख्यासारखे चक्र असते व त्याभोवती खाचा असलेले स्थिर कवच असते. चक्र फिरताना खाचांची उघडझाप होते, हवेचे झोत तुटक बाहेर पडतात आणि ध्वनी उमटतो. १० खाचांचे चक्र मिनिटास २,८८० फेरे घेत असेल, तर सेकंदास ४८० कंपने निर्माण होतात. मोटारीचा वेग घटला की आवाजाची पट्टीही उतरते.

जागा व उभारणी

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. ३० मीटरवर १०० डेसिबल असणारा आवाज ९६० मीटरवर सुमारे ७० डेसिबल उरतो. इमारती व उलट वारा तो आणखी कमी करतात. म्हणून भोंगा आसपासच्या छपरांहून उंच बसवावा. जुन्या इमारतीची गच्ची त्याचे वजन व हादरे सोसेल की नाही, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावे. भूसंपर्क तारेची (अर्थिंगची) जोडणी पक्की असावी. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून हाताने फिरवावयाचा भोंगाही जवळ ठेवावा.

निगा

तपासणीपूर्वी वीजपुरवठा बंद करून स्विचला कुलूप लावावे. कवचातील पक्ष्यांची घरटी व गांधीलमाश्यांची पोळी काढावीत. बेअरिंगला वंगण द्यावे, गंजलेले बोल्ट बदलावेत आणि पावसाळ्यापूर्वी मोटारीचा विद्युतरोध मोजावा. तीन फेजची जोडणी उलटली तर चक्र उलटे फिरून आवाज क्षीण होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीनंतर फिरण्याची दिशा अवश्य पाहावी. चाचणीच्या वेळी जवळच्या कर्मचाऱ्यांनी कानांचे संरक्षण करावे. चाचणीची तारीख व आढळलेले दोष नोंदवहीत लिहावेत.

अर्थबोध

नागरी संरक्षणाच्या संकेतानुसार चढता-उतरता आवाज म्हणजे धोका, तर सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. भोंगा अन्य कारणासाठी वाजवू नये. चाचणीची वेळ आधी जाहीर करावी. शिक्षकांनी हे दोन आवाज मुलांना ओळखावयास शिकवावेत. वायुगळतीत कारखान्याकडे धावू नये; वाऱ्याच्या दिशेला आडवे होऊन दूर जावे व तोंडावर ओले कापड धरावे, हेही सांगावे. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार कारखान्याबाहेरील आणीबाणीचा आराखडा जिल्ह्यात तयार असणे आवश्यक आहे. त्यातील भोंग्याची चावी रात्री कोणाकडे असते आणि तो वाजविण्याचा आदेश कोण देतो, हे प्रत्येक गावाने आजच विचारून घ्यावे.