एका वेळी एकच बाजू

चि. निखिल,



काल ताईचा फोन आला. गाडीचे दारांखालचे दोन्हीकडचे पत्रे तू एकदमच कापायला घेतलेस, गाडी चार स्टँडवर आहे आणि तू तिच्याखाली झोपून काम करतोस म्हणे. ती कौतुकानं सांगत होती. मला रात्रभर झोप लागली नाही.

अरे, आपल्याकडच्या पद्मिनीला निदान डोक्यावर टप तरी होता. तुझी एमजीबी उघडी. १९६२ साली आली तीच वेगळ्या चासीशिवाय. पुढचं धड मागच्याला धरून आहे ते मधल्या टनेलच्या आणि या दोन रनिंग बोर्डांच्या जिवावर. (तिकडं तुम्ही सिल म्हणता.) बाहेरचा पत्रा, आत उभा पडदा, त्याच्या आत आणखी एक पत्रा, सगळं जुळून बंद पेटी झाली की ताकद येते. दोन्ही पेट्या एकदम उघडल्यास तर गाडी मधोमध बसेल. तशीच वेल्डिंग केलीस की ते बसणं कायमचं, मग दारं लागायची नाहीत. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसतेय का, ते आधी बघ.

आणि स्टँड कुठं लावलेस? गंजलेल्या पत्र्याखाली तर नाही ना?

मास्तरांची पद्मिनी तुला ऐकून ठाऊक आहे. घरात तो विषय कोणी काढत नाही, म्हणून मीच लिहितो. गाडी द्यायची घाई होती. गंज न काढता मी वरून पत्रा टाचला, पुट्टी भरली, रंग मारला. चार महिन्यांनी चाक बदलताना जॅक पत्र्यातून वर घुसला. मास्तरांची दोन बोटं गेली. तुझ्या आजोबांनी तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर भाकरीचा पापुद्रा फुटावा तसा पत्रा फुटला. ते मला एक शब्द बोलले नाहीत. चाळीस वर्षं झाली, ती बोटं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

फार रागावलो का? रनिंग बोर्डाचं फेंडरच्या आतलं टोकसुद्धा उघडून बघितलंस, वरून कव्हर ठोकलं नाहीस, हे ताईनं सांगितलं. तेवढं मला तुझ्या वयात सुचलं नव्हतं.

आता एवढं कर. चाकं लाव, गाडी खाली उतरव. दोन्ही दारांच्या चौकटींत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवा पाइप टाच. मग एकच बाजू घे. ती पुरी झाली, दार नीट लागलं, की दुसरी. सीटमागची बॅटरी काढलीस ना?

लहानपणी बाराचा पाना मागितला की चौदाचा आणून द्यायचास आणि तोच बसेल म्हणून हट्ट धरायचास. मीही तो लावून बघायचो.

गाडी चाकांवर आली की फोन कर. इकडं कितीही वाजले असोत, मी जागा आहे.

तुझा,
मामा