भर उन्हात लकडी पुलावर दिसतं का?

पुण्याच्या नारायण पेठेत, केळकर रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीत माझं थ्रीडी मॉडेल बनवण्याचं छोटं ऑफिस आहे. पंप, गिअरबॉक्स, माणसाचं हृदय, किल्ल्याचा दरवाजा, सांगाल ते आम्ही संगणकावर घडवतो आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची अ‍ॅप बनवणाऱ्यांना देतो. मोबाइलच्या पडद्यावर किंवा खास चष्म्यातून बघितलं, की तो पंप तुमच्या समोरच्या टेबलावर ठेवल्यासारखा दिसतो. या धंद्यात पैशाचा लोंढा आला आणि ओसरला, ते दोन्ही मी जवळून पाहिलं. हल्ली इंजिनिअरिंगची मुलं भेटायला येतात, कधी त्यांचे आईवडीलही येतात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: ‘अमक्या कंपनीला इतके कोटी फंडिंग मिळालंय, तिथे जाऊ का?’ त्यांना जे सांगतो, ते जरा सविस्तर लिहितो आहे.

फंडिंगचा आकडा बाजूला ठेवा. आधी वस्तू बघा, आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मॅजिक लीपचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. रोनी अबोविट्झ यांनी 2010 साली अमेरिकेत फ्लोरिडात ही कंपनी काढली. 2014 मध्ये गूगलच्या पुढाकाराने तिला 54 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, 2016 मध्ये अलिबाबाच्या पुढाकाराने आणखी जवळजवळ 80 कोटी. मार्च 2015 मध्ये तिने एक व्हिडिओ दाखवला. ऑफिसात बसलेला माणूस हवेतच ईमेल उघडतो, मग भिंत फोडून आलेल्या यंत्रमानवांवर गोळ्या झाडतो. आमच्या धंद्यातल्या पोरांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. तो खऱ्या उपकरणातून टिपलेला नसून न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने स्पेशल इफेक्ट्स वापरून बनवला होता, हे 2016 च्या अखेरीस बाहेर आलं. प्रत्यक्ष चष्मा ऑगस्ट 2018 मध्ये आला. किंमत 2,295 डॉलर, म्हणजे तेव्हाचे दीड लाखाच्या वर रुपये. पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम 6,000 नग खपल्याच्या बातम्या पुढे आल्या. एप्रिल 2020 मध्ये निम्म्याच्या आसपास माणसं कमी झाली आणि पाठोपाठ संस्थापकांनी मुख्य पद सोडलं. तोवर कंपनीने उभारलेली रक्कम अडीच अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

एवढ्या पैशाने जे जमलं नाही त्याचं कारण काचेत आहे. एका ग्राहकाने आम्हाला काही दिवसांसाठी असा एक महागडा चष्मा वापरायला दिला होता. ऑफिसात पडदे ओढून बघितलं तर डोळे दिपले. मग मी तो घेऊन दुपारी लकडी पुलावर गेलो. चष्म्यातला गिअरबॉक्स जवळजवळ नाहीसा झाला. असे पारदर्शक चष्मे समोरच्या दृश्यात फक्त प्रकाश मिसळू शकतात, असलेला प्रकाश काढून घेऊ शकत नाहीत. म्हणून त्यांत काळा रंग दाखवता येत नाही, सावली नीट पडत नाही, आणि उन्हात सगळं फिकट होतं. दुसरी अडचण दिसण्याच्या आवाक्याची. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं सुमारे 200 अंशांचं जग दिसतं, आणि मॅजिक लीपच्या पहिल्या चष्म्यातली चौकट तिरपी मोजली तरी साधारण 50 अंशांची. मोठी वस्तू जवळ आली की कडेला कापली जाते. शिवाय वजन, उष्णता, बॅटरी. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, वजन कमी केलं की संगणक बाहेर ठेवून वायरने जोडावा लागतो. रिलायन्सने जुलै 2020 मध्ये जाहीर केलेला जिओग्लास 75 ग्रॅमचा होता, पण त्यालाही फोनची वायर लागत होती. आयव्हन सदरलंड यांनी 1968 मध्ये डोक्यावर बसवायचा पहिला पडदा दाखवला, तेव्हापासून माणसं याच अडचणींशी झगडताहेत. पैसा ओतला म्हणून प्रकाशाचे नियम बदलत नाहीत.

म्हणून कुणी डेमो दाखवला, की तो बाहेर उजेडात दाखवायला सांगा. अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा. नाही म्हणाले, तर तेवढ्यात बरंच कळतं.

मॅजिक लीप निदान तगली. डोक्यावरचं स्मार्ट हेल्मेट बनवणारी डाकरी, चष्मे बनवणारी ओडीजी आणि मेटा नावाची कंपनी (फेसबुकवाली नव्हे, तिच्या आधीची) या तिन्ही 2019 मध्ये गुंडाळल्या गेल्या. लंडनच्या ब्लिपारचं मला जास्त वाईट वाटलं, कारण तिचे एक संस्थापक अंबरीश मित्रा आपल्याकडचे होते आणि तिचं काम मोबाइलवरचं, म्हणजे आमच्या जवळचं होतं. तीही डिसेंबर 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोबाइलवाल्यांची अडचण वेगळी होती. 2017 मध्ये अ‍ॅपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर आणलं, आणि ज्या करामतीसाठी कंपन्या पैसे आकारत होत्या तिचा मोठा भाग फोनमध्येच फुकट मिळू लागला. ज्या कंपनीत जायचं आहे तिचं काम उद्या फोन बनवणाऱ्याने फुकट दिलं तर तिच्याकडे काय उरेल, हा प्रश्न मुलाखतीत विचारायला लाजू नका.

आमच्या ऑफिसपासून टिळकांचा केसरीवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथून जाताना मला पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी त्या कामाला बळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. काळ वेगळा, धंदा वेगळा, हे मान्य. पण एकेक पैसा देणाऱ्या हजारो लोकांना भट्टीतून बाहेर आलेली काच दाखवावी लागते. मोजक्या मोठ्या गुंतवणूकदारांना पुढच्या फेरीपर्यंत स्वप्न दाखवून भागतं. ‘हे घेणार कोण, आणि दर महिन्याला घेणार का?’ हा प्रश्न छोटा गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी विचारतो, मोठ्या फंडिंगमध्ये तो वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. माझा राग त्या पुढे ढकलण्यावर आहे, कारण त्याची किंमत शेवटी नोकरदार आणि छोटे पुरवठादार मोजतात.

नाव घेत नाही, पण फंडिंगच्या बातम्यांनी गाजलेल्या एका कंपनीने आम्हाला शालेय विषयांच्या मॉडेलचं मोठं काम दिलं होतं. आमच्याच पेठेतल्या एका मुद्रकाने त्यांची कार्डं छापली. कार्डावर मोबाइल धरला की हृदय धडधडताना दिसायचं, मुलं हरखून जायची. पण आठवड्याभराने तीच मुलं तेच कार्ड पुन्हा उचलत नव्हती, आणि शाळा पुढच्या वर्षीचे पैसे द्यायला तयार नव्हत्या. पुढची फेरी आली नाही, कंपनी बंद पडली, अ‍ॅप स्टोअरवरून गेलं. मी अर्धी रक्कम आगाऊ घेतली होती म्हणून निभावलं. मुद्रकाचं बिल अडकलं, आणि छापलेल्या कार्डांचे गठ्ठे त्याच्या पोटमाळ्यावर पडून राहिले. अ‍ॅपशिवाय त्या कार्डांना रद्दीची किंमत.

छोट्या पुरवठादारांनी म्हणून उद्यम नोंदणी करून घ्यावीच. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं बिल, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत चुकतं करायला हवं असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण समोरची कंपनीच दिवाळखोरीत गेली तर तारण घेतलेले कर्जदाते आणि थकलेले पगार आपल्या पुढे असतात. कायदा जिवंत कंपनीकडून वसुलीला उपयोगी, बुडत्या कंपनीसाठी आगाऊ रक्कमच खरी.

दुसरी काळजी फायलींची. म्युनिकच्या मेटायोचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जायचं. 2015 मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी घेतली आणि नव्या परवान्यांची विक्री थांबली. गूगलचं पॉली हे थ्रीडी मॉडेलचं भांडार 2021 मध्ये बंद झालं. इन्स्टाग्रामसाठी फिल्टर बनवून घर चालवणाऱ्या मुलांचं काम जानेवारी 2025 मध्ये फेसबुकवाल्या मेटाचं मेटा स्पार्क हे साधन बंद झाल्यावर पुसलं गेलं. मॅजिक लीपच्या पहिल्या चष्म्याच्या सेवाही 2024 संपताना थांबल्या. मूळ मॉडेल कुठल्याही एका कंपनीच्या साच्यात अडकवू नका. खुल्या स्वरूपातली प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि तसा हक्क करारात लिहून घ्या.

या तंत्रावर माझा विश्वास आहे, म्हणून हे सगळं सांगतो. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हे नाव रूढ झालं तेच बोईंगच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या 1992 च्या निबंधातून, आणि त्यांचं काम विमानातल्या तारांच्या जुळणीचं होतं: हात कामात गुंतलेले, आणि नकाशा डोळ्यांसमोर हवा. अशी गरज जिथे खरी आहे, तिथे आजही काम मिळतं. आमची सध्याची बरीच मॉडेल भोसरीतल्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी जातात. छपराखाली, तेलकट हातांनी, सावलीत वापरली जातात.

आणि ज्या मुलांना ऑफर लेटरमध्ये पगार कमी आणि ईसॉप (ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा ऑप्शन) जास्त दिसतो, त्यांनी सही करण्याआधी ते सीएला दाखवावं. कंपनी विकली गेली तर करारानुसार गुंतवणूकदार आपली रक्कम आधी काढून घेतात, उरलं तर कर्मचाऱ्यांना. शिवाय ऑप्शन वापरून शेअर घेतलात, की त्या दिवशीचं मूल्यांकन आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक तुमचा पगार धरून त्यावर कर लागतो, मग तो शेअर घेणारा बाजारात कुणी असो वा नसो. 2020 च्या अर्थसंकल्पाने पात्र ठरलेल्या मोजक्या स्टार्टअपमधल्या लोकांना हा कर पुढे ढकलायची सवलत दिली, पण नोकरी सोडली की ती संपते. घरभाडं आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता निव्वळ पगारातून भागतो का, तेवढं कागदावर मांडून बघा, आणि ईसॉपच्या रकान्यात शून्य लिहून मगच निर्णय घ्या.