मायनर घेण्याआधी पेपरांची यादी मागा

कॉम्प्युटर सायन्स मायनर म्हणून घेतलेल्यांपैकी मी एक, त्यामुळे ‘निदान थोडं तरी कळलं ना’ ही समजूत मला कुणी घालू नये. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट्स, त्यात मायनरला 18 ते 20, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. त्यात सगळा विषय मावणार नाही, हे मान्यच. माझा राग आहे तो काय वगळलं याबद्दल. हा विषय उतरंडीचा आहे. पॉइंटर डोक्यात बसला नाही तर लिंक्ड लिस्ट कळत नाही. मधला नोड काढताना आधीच्या नोडचा दुवा पुढच्याला जोडायची एक ओळ हुकली, की पुढची अख्खी यादी हातची जाते. अशा विषयात एका सेमिस्टरला सी, पुढच्याला वेब डिझाइन आणि डेटा स्ट्रक्चर्स कुठेच नाही, अशी मांडणी करणाऱ्यांनी विद्यार्थ्याचा विचार केलेला नसतो. मेजरच्या बॅचेस लावून लॅब कधी रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावर कोण मिळतं, एवढंच पाहिलेलं असतं. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला आठवड्याचे दोन तास. त्यात एका मशीनवर दोघं बसले तर एक टाइप करतो, दुसरा बघतो. जर्नल मात्र दोघांचंही पूर्ण!

यावर ठरलेलं उत्तर असतं: उरलेलं एनपीटीईएलवर फुकट शिका. शिकावंच. पण सगळं बाहेरच शिकायचं, तर कॉलेजने फी कशाची घेतली? शिवाय आपलं नेमकं काय राहून गेलंय, हे नवशिक्याला सांगणार कोण? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र मेजर असलेल्याला एवढं प्रोग्रॅमिंगही पुष्कळ उपयोगी पडतं. खरं आहे, पण मेजरच्या प्रॅक्टिकलमध्ये पायथन किंवा आर रोज हाताखालून जात असेल, तरच. नाहीतर वर्षभरात सगळं पुसलं जातं.

गणित सोडू नका, रोज थोडा कोड लिहा, हे सगळेच सांगतात. मी सांगते ते वेगळं: मायनरच्या सगळ्या सेमिस्टरच्या पेपरांची नावं लेखी मागा, त्यात डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस शोधा, लॅबची वेळ मेजरच्या प्रॅक्टिकलवर येते का ते पाहा. ‘यादी नंतर लावू’ म्हणाले, तर दुसरं मायनर घ्या.