जात्यावरील ओवी आणि अर्थाचा अधिकार : गी पॉइटवाँ यांचा मावळातील प्रयोग

जात्यावरील ओवीच्या अभ्यासाला मराठीत दीर्घ परंपरा आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे स्त्रीगीतांविषयीचे विवेचन आणि सरोजिनी बाबर यांचे विपुल संपादनकार्य यांमुळे हे मौखिक धन ग्रंथबद्ध झाले. या परंपरेचे ऋण निर्विवाद आहे. तथापि या संग्रहांतून ओवी वाचकापर्यंत येते, तेव्हा ती गाणारी स्त्री बहुधा ‘स्त्रीमन’ या व्यापक संज्ञेत विलीन झालेली असते. ओवी तिची आणि अर्थ संपादकाचा, अशी विभागणी नकळत रूढ होते. सांस्कृतिक मानवशास्त्राचे अभ्यासक गी पॉइटवाँ (१९३४–२००४) यांनी हेमा राईरकर यांच्या सहकार्याने केलेल्या कार्याचे महत्त्व या विभागणीच्या संदर्भात पाहणे उचित ठरेल.

पॉइटवाँ मूळचे फ्रान्समधील. तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या ही त्यांच्या शिक्षणाची क्षेत्रे. १९७२ साली ते भारतात आले, पुण्यात स्थायिक झाले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. मराठीचा त्यांचा व्यासंग केवळ क्षेत्रकार्यापुरता मर्यादित नव्हता. दया पवार यांच्या ‘बलुतं’चे फ्रेंच भाषांतर त्यांनीच केले. राईरकर आणि पॉइटवाँ यांनी पुण्यात समाजशास्त्रीय सहकारी संशोधनासाठी जे केंद्र स्थापन केले, त्यातील ‘सहकारी’ हा शब्द त्यांच्या पद्धतीचे सूत्र म्हणून वाचता येतो.

या पद्धतीची भूमी म्हणजे पुणे जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगरी पट्टा. मावळ हे आज एका तालुक्याचे नाव असले, तरी ‘बारा मावळ’ या जुन्या संज्ञेत पौड आणि मुठा खोऱ्यांचाही समावेश होतो. बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळ्याला लोहमार्गामुळे बाहेरचे जग लवकर भेटले. त्याच्या दक्षिणेस, डोंगररांगेपलीकडे असलेल्या मुळशी खोऱ्याला ते निराळ्या रूपाने भेटले : धरणाने गावे आणि भातखाचरे पाण्याखाली नेली आणि १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. या पट्ट्यातील कष्टकऱ्यांमध्ये ‘गरीब डोंगरी संघटना’ कार्यरत होती. ओव्यांचे संकलन तिच्या कामाशी निगडित राहिले. संशोधक प्रश्नावली घेऊन गावात आला आणि उत्तरे घेऊन परतला, असे येथे घडले नाही. संघटनेत वावरणाऱ्या ग्रामीण स्त्रियाच ओव्या गोळा करू लागल्या. कोणती ओवी कोणत्या प्रसंगी आठवते आणि तिचा रोख कोणावर आहे, याची चर्चा त्या एकत्र बसून करीत. निवेदक आणि विश्लेषक या दोन भूमिकांमधील अंतर कमी करणे, हाच या कार्यातील खरा प्रयोग होय.

या प्रयोगाचे वाङ्मयीन फलित सीताविषयक ओव्यांमध्ये स्पष्ट होते. ग्रांथिक रामकथेच्या कसोटीवर या ओव्या कथेचे तुटक, क्वचित विपर्यस्त अवशेष ठरतील. दळणारीच्या अनुभवाच्या संदर्भात त्यांची संगती लागते : सीतेचा वनवास हा सासुरवासाचा पर्याय होतो, आणि जे स्वतःच्या नावे उच्चारता येत नाही, ते सीतेच्या नावे उच्चारले जाते. भक्तीच्या बाबतीतही हेच दिसते. पॉइटवाँ आणि राईरकर यांच्या १९९६ मधील ‘स्टोनमिल अँड भक्ती’ या ग्रंथाचा विषय शेतकरी स्त्रियांची भक्ती आणि स्वामींचे तत्त्वज्ञान यांतील अंतर हाच आहे. त्यांचाच ‘इंडियन पीझंट विमेन स्पीक अप’ (१९९३) हा ग्रंथ ग्रामीण स्त्रियांच्या बोलण्याला ज्ञानाचा दर्जा देतो. लोकसाहित्य हे शिष्ट परंपरेचे झिरपलेले रूप, हे गृहीतक या लेखनामुळे पुन्हा तपासावे लागते.

नव्वदच्या दशकात संगीताभ्यासक व संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय वर्गीकरण यांची जोड मिळाली. संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावे आली. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद राहिली. २०१७ पासून हे भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावरून प्रकाशित होऊ लागले. दरम्यान पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या होत्या. पहाटेचे दळण थांबले, आणि त्यासोबत ओवी सुचण्याचा प्रसंगही लोपला. त्यामुळे या संग्रहाचे स्वरूप जिवंत परंपरेच्या नोंदीइतकेच स्मृतीच्या नोंदीचेही आहे.

या कार्याच्या मर्यादाही विचारात घ्याव्या लागतात. ध्वनिमुद्रणासाठी बसलेली स्त्री आणि पहाटे एकटी दळणारी स्त्री यांची ओवी एकच असते काय? विषयवार वर्गीकरणात दोन ओळींची ओवी तिच्या आगेमागे आलेल्या ओव्यांपासून सुटी होते. दळता दळता एका ओवीने दुसरीला हाक द्यावी, तो अनुबंध तेथे तुटतो. शिवाय स्त्रियांच्या चर्चेतून आलेला अर्थ इंग्रजी किंवा फ्रेंच ग्रंथात पोहोचतो, तेव्हा त्याची सिद्धान्तभाषा अखेर लेखकाचीच राहते. सहकार्याने अधिकारातील विषमता कमी होते. ती नाहीशी झाली, असे म्हणता येत नाही.

तरीही या प्रयोगाने घालून दिलेला दंडक मराठीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. लोकगीतांवरील प्रबंधात अद्यापही ‘एका वृद्ध स्त्रीकडून मिळालेली ओवी’ असा उल्लेख पुरेसा मानला जातो. मावळातील हे कार्य त्यापुढे तीन प्रश्न ठेवते : ही स्त्री कोण, ती कोणत्या गावची, आणि या ओवीचा अर्थ ती स्वतः काय सांगते? पहिल्या दोहोंची उत्तरे परिशिष्टात देता येतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवायचे, तर अभ्यासकाला तिच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावे लागते.