आपत्कालीन ध्वनिसूचना : वाहिनीवरील देखरेख

दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 जणांचा बळी गेला. ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना धोक्याची सूचना मिळाली नव्हती. एरवी मूक असणारी ही यंत्रणा ऐनवेळी बोलेल, याची खात्री कशी करावी?

मोठ्या इमारतींत सामान्यतः 100 व्होल्टच्या वाहिनीवर अनेक स्पीकर समांतर जोडतात. प्रत्यावर्ती प्रवाहास वाहिनीचा होणारा एकूण विरोध म्हणजे इम्पीडन्स. 6 वॅटचे 40 स्पीकर असल्यास तो सुमारे 41.7 ओहम भरतो. कानाला सहसा जाणवत नाही असा, सुमारे 20 किलोहर्ट्झचा संकेत सोडून त्यातील बदल टिपला जातो. तार तुटल्यास इम्पीडन्स वाढतो, शॉर्टसर्किट झाल्यास कोसळतो.

परंतु तार टोकाजवळ तुटून शेवटचा एकच स्पीकर गळाल्यास वाढ जेमतेम अडीच टक्के होते आणि तापमानाच्या चढउतारातही ती लपू शकते. म्हणून वाहिनीच्या टोकाशी देखरेख-घटक बसवितात. मधूनच फुटणारी शाखा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. आराखडा करताना याचा अनेकदा विसर पडतो.

युरोपीय मानक ईएन 54-16 नुसार दोष 100 सेकंदांत दर्शविला गेला पाहिजे. त्यापलीकडचा उपाय म्हणजे दोन वाहिन्यांवर एकाआड एक स्पीकर जोडणे. एक वाहिनी बंद पडली तरी दुसरीवरून सूचना ऐकू येते.