जुन्या नौकांचे नवे आयुष्य

मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस येते. त्यापुढचे स्टेशन घोटी. सह्याद्रीच्या माथ्यावरील या गावी पाऊस मुसळधार पडतो आणि येथील भात नावाजलेला आहे. आता भाताची पोती मालमोटारींतून जातात. पूर्वी ती बैलगाड्यांतून बाजारात येत. बैलगाडी हाकणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असे. वैशाखाच्या उन्हात गाडीचे चाक वाळते, लाकूड आकसते, आरे तुंब्यात खिळखिळे होतात आणि भोवतालची लोखंडी धाव सैल पडून निसटू पाहते. अशा वेळी तो सुताराकडे धावत नसे. चाक काढून तो ते नदीच्या डोहात बुडवून ठेवी. एकदोन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगे, सांधे आवळले जात, आणि चाक पुन्हा कामास लागे.

समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरावर राहणाऱ्या माणसाला ठाऊक असलेली ही युक्ती नावाड्याच्या विद्येचा पाया आहे. लाकडी नौका म्हणजे फळ्याशेजारी फळी बसवून केलेले मोठे भांडेच होय. दोन फळ्यांमधील फटीत कापसाची वात ठोकून बसवितात आणि वरून राळ किंवा लांबी भरतात. नौका पाण्यात उतरली, की फळ्या फुगून परस्परांवर दाबल्या जातात व कापूस त्यांच्या चिमटीत घट्ट धरला जातो. म्हणून नव्याने दुरुस्त केलेली नौका पहिल्या दिवशी थोडी गळते; अनुभवी माणूस तेव्हा घाबरत नाही. तो पाणी उपसत बसतो आणि लाकूड फुगण्याची वाट पाहतो.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा लागताच होड्या वाळूवर ओढून घेतात आणि त्यांवर झापांचे छप्पर घालतात. यास होड्या शाकारणे असे म्हणतात. हे छप्पर कशासाठी? नौकेचे लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लवकर कुजते. पावसाचे पाणी कोपऱ्याकापऱ्यांत साचले, की तेथे बुरशी धरते आणि वरून धडधाकट दिसणारी फळी आतून भुसभुशीत होते. खाऱ्या पाण्यातील शत्रू वेगळे. लाकूड पोखरणारा, शिंपल्यांच्या कुळातला एक लांबट प्राणी फळीत शिरून तिची चाळण करतो. आणि लोखंडी खिळे गंजून भोवतालचे लाकूडही सैल करतात. या सर्वांशी झगडत होडी वर्षानुवर्षे टिकवायची, तर दर हंगामाला तिच्या अंगावरून हात फिरवावा लागतो. कोळ्याच्या घरी हे पोटाचे काम आहे. परंतु जगात अनेक माणसे अशी आहेत, की जी केवळ आवडीपोटी मोडकळीस आलेल्या नौका विकत घेतात, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यावर खपतात, आणि कधी त्यांना पूर्वीचेच रूप देतात, तर कधी अगदी नवे.

नवे रूप देण्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळातील कुट्टनाड हा सखल, पाणथळ प्रदेश. तेथेही भात पिकतो. पण घोटीचा भात बैलगाडीने जाई, तर तेथला केट्टुवळ्ळम नावाच्या लांबलचक नौकांतून. या नौकेच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. रस्ते झाले, मालमोटारी आल्या, आणि भातवाहू नौका बेकार होऊन काठाला कुजू लागल्या. पुढे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कोणा कोणाला कल्पना सुचली, की जेथे भाताची पोती रचली जात तेथे खोल्या कराव्या व प्रवाशांना राहण्यास द्याव्या. आज तेथील खाडीतून फिरणाऱ्या राहत्या नौका त्याच घडणीच्या आहेत. जुने काम संपले म्हणून नौका संपली नाही.

याहून विलक्षण कथा मुंबईत बांधलेल्या एका जहाजाची आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर जहाजे बांधीत. दीर्घ युद्धांमुळे इंग्लंडात ओक वृक्षाचे लाकूड दुर्मिळ झाले होते. मलबारचा साग मात्र मुबलक होता, आणि सागात तेलाचा अंश असल्यामुळे तो कुजण्यास व किडीस दाद देत नसे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही इंग्रजी आरमाराची युद्धनौका १८१७ साली ऑक्टोबर महिन्यात मुंबईस पाण्यात उतरली. गंमत अशी, की नौका तयार होईपर्यंत मोठी युद्धे संपली होती. इंग्लंडला पोहोचल्यावर तिला वर्षानुवर्षे नुसतेच नांगरून ठेवण्यात आले. पुढे काही काळ तिने दूरच्या समुद्रांत पहारा केला आणि नंतर ती नवशिक्या खलाशांची शाळा बनली. १८९७ साली तर ती मोडीत काढणाऱ्याच्या हाती गेली. मोडीत गेलेल्या जहाजाची लाकडे सुटी करून विकली जातात. तिचेही तेच व्हायचे. परंतु जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाची शिक्षण देणारी नौका त्याच वर्षी वादळात फुटली होती. त्याने ट्रिंकोमाली विकत घेतली, तिला आपल्या बुडालेल्या नौकेचे नाव दिले, आणि मुलांना नौकानयन शिकविण्यासाठी तिचा उपयोग सुरू केला. १९८६ पर्यंत ती हे काम करीत राहिली. त्यानंतर हार्टलपूल येथे १९९० पासून सुमारे अकरा वर्षे तिचा जीर्णोद्धार चालला. जुने सागवान जेथे शाबूत होते तेथे ते तसेच राखले, आणि तिचे मूळ नाव तिला परत मिळाले. आज युरोपात पाण्यावर तरंगणारी तिच्याइतकी जुनी युद्धनौका दुसरी नाही.

ट्रिंकोमालीच्या मागे संस्था होत्या, देणग्या होत्या. मुंबईचीच दुसरी एक लहानशी नौका मात्र एका माणसाची आहे. तिचे नाव ‘सुहैली’.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी. मुंबईत असताना त्याने दोन सहकाऱ्यांसह स्वतःची शिडाची नौका बांधण्याचे ठरविले. १९६३ साली कुलाब्याच्या एका कारखान्यात काम सुरू झाले. आराखडा परदेशी होता, पण लाकूड सागवानी आणि हात येथल्या सुतारांचे. ते वाकसाने लाकूड तासत आणि दोरीच्या कमानीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडीत. विजेच्या यंत्रांचा तेथे गलबला नव्हता. नौका जेमतेम बत्तीस फूट लांब, म्हणजे पुढे तिने जे केले ते पाहता खेळण्याएवढीच. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून तिला पाण्यात सोडले. अरबी खलाशी इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला सुहैली म्हणतात. तेच नाव तिला ठेवले. पुढे रॉबिन तिला आफ्रिकेस वळसा घालून इंग्लंडला घेऊन गेला.

१९६८ च्या १४ जून रोजी तो फाल्मथ बंदरातून एकटाच निघाला. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीला प्रदक्षिणा घालायची, अशी ती स्पर्धा होती. प्रवासाच्या पहिल्याच काही आठवड्यांत, अटलांटिक महासागरात, सुहैली गळू लागली. तळाच्या कण्याजवळील फळीची फट उघडी पडली होती आणि लाटांबरोबर ती हलत होती. किनारा जवळ नाही, गोदी नाही, सुतार नाही. रॉबिन हातोडी घेऊन नौकेखाली बुडी मारी, श्वास कोंडून फटीत कापूस ठोकी, आणि पुन्हा वर येई. परंतु कापूस पाण्याखाली टिकेना. तेव्हा त्याने कॅनव्हासची पट्टी शिवून तिला डांबर लावले, ती पट्टी फटीवर खिळ्यांनी बसविली आणि पुढे तीवर तांब्याचा पत्रा ठोकला. हे काम चालू असता एक शार्क घिरट्या घालू लागला. त्याने वर येऊन बंदूक घेतली, त्यास मारले, आणि पुन्हा पाण्यात उतरून उरलेले काम केले.

नऊ जण स्पर्धेत उतरले होते. प्रदक्षिणा पुरी करून परतला तो हा एकटाच. ३१२ दिवसांनी, १९६९ च्या २२ एप्रिलला सुहैली फाल्मथला आली. रंग उडालेला, अंगावर गंजाचे ओघळ, यंत्रे बिघडलेली. जकात अधिकारी नियमाप्रमाणे नौकेवर चढले आणि त्यांनी विचारले, कोठून आलात? रॉबिनने उत्तर दिले, फाल्मथहून.

अशा कीर्तिमान नौकेला पुढे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली, यात नवल नाही. तेथे ऊन नव्हते, पाऊस नव्हता, किडा नव्हता. हवेतील ओलावादेखील यंत्राने नेमका राखलेला होता. आणि तेथेच सुहैलीच्या फळ्या आकसू लागल्या. ज्या लाकडाने प्रचंड लाटा सोसल्या होत्या, त्याला कोरडी हवा सोसेना. संग्रहालयाचा हेतू निःसंशय चांगला होता. कागद, कापड, धातू यांना तसलीच हवा मानवते. परंतु नौका ही पाण्यात राहण्यासाठी घडविलेली वस्तू आहे. गाडीवानाच्या डोळ्यांनी पाहिले असते, तर तेथे त्याला वैशाखातले चाकच दिसले असते.

रॉबिनने २००२ साली आपली नौका तेथून बाहेर काढली. तेव्हा त्याचे वय साठीच्या पुढे गेले होते. आता प्रश्न नुसत्या फटींचा नव्हता. मुंबईत ठोकलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट चाळीस वर्षांत गंजले होते. फळी कितीही चांगली असली, तरी तिला बरगडीशी धरून ठेवणारा खिळा झिजला, की ती एखाद्या लाटेत सुटून येणारच.

जुन्या नौकेच्या दुरुस्तीचे काम कसे चालते, ते येथे सांगितले पाहिजे, कारण त्यात घाई केली की सगळे बिघडते. प्रथम नौका जमिनीवर घेऊन, आधार देऊन अगदी सरळ उभी करतात. ती कलती राहिली, तर तिचा आकारच वाकडा होतो. मग एक माणूस लहान हातोडीने प्रत्येक फळीवर टिचकी मारीत जातो. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. संशय आला तेथे टोकदार सळई टोचून पाहतात. वाईट फळी काढायची, पण शेजारची दुखवायची नाही. काढलेल्या फळीचा पातळ लाकडावर नमुना घेऊन तसाच नवा तुकडा घडवितात, आणि तो सहसा त्याच जातीच्या लाकडाचा असतो. कारण निरनिराळी लाकडे निरनिराळ्या मानाने फुगतात. गंजके खिळे एक एक करून उपसतात. सगळे एकदम उपसले, तर नौका उघडून पडेल. शेवटी वाती ठोकणे, लांबी, रंग. एका माणसाला हे काम वर्षानुवर्षे पुरते, आणि ज्याला छंद आहे त्याला ते पुरावे असेच वाटते.

येथे चौकस मुलाच्या मनात शंका येईल. फळ्या बदलल्या, खिळे बदलले, शिडे तर कितीदा बदलली. मग ही सुहैली तीच का? प्राचीन ग्रीक लोकांनीही थिसियस राजाच्या नौकेविषयी हाच वाद घातला होता आणि तो अद्याप मिटलेला नाही. एक गोष्ट मात्र पडताळून पाहता येते. सुहैलीच्याच आराखड्यावरून गोव्यात २०१७ साली ‘तुरिया’ नावाची नौका नव्याने बांधण्यात आली. भारतीय नौदलातील अभिलाष टॉमी हे तिच्यातून २०१८ च्या स्पर्धेत उतरले. हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी जबर जखमी झाले, त्यांची सुटका झाली, आणि नौका समुद्रातच सोडून द्यावी लागली. आराखडा तोच, मापे तीच; तरीही तुरियाला कोणी सुहैली म्हटले नाही. सुहैलीत मात्र कुलाब्याच्या सुतारांनी वाकसाने तासलेले सागवान होते, आणि जेथे नवे लाकूड किंवा नवा खिळा आला तो त्या जुन्या लाकडाशीच जोडला गेला.

दुरुस्ती झाली तेव्हा मालकाने सुहैली पुन्हा काचेआड ठेवली नाही. २०१८ च्या १४ जूनला, त्या प्रवासास पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, फाल्मथच्या बंदरात शिडाच्या नौकांची मिरवणूक निघाली. तिच्यात सुहैली होती आणि एकोणऐंशी वर्षांचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावर होते. मुंबईच्या सुतारांनी बसविलेल्या फळ्या पुन्हा पाणी पिऊन एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या.