खालची पट्टी

रेडिओवर एखादे गोड गाणे लागले की आपण सहज विचारतो, "हे कोण गाते आहे?" पण गाण्यामागे आणखी एक माणूस उभा असतो. गाणे कोणत्या पट्टीत गायचे, कोणती वाद्ये घ्यायची, शब्दांवर कोठे थांबायचे, हे तो ठरवतो. इंग्लंड-अमेरिकेत हे काम बहुधा रेकॉर्ड प्रोड्यूसर करतो. आपल्या चित्रपटांत ते मुख्यतः संगीत दिग्दर्शक करतो. या दोघांचे जमले, तर गाणे रंगते. पण जमणे म्हणजे प्रत्येक वेळी माना डोलावणे नव्हे. त्याचीच ही गोष्ट.

'उमराव जान अदा' ही मिर्झा हादी रुसवा यांची प्रसिद्ध उर्दू कादंबरी. फैजाबादच्या अमीरन नावाच्या लहान मुलीला पळवून नेऊन लखनौला विकतात. तीच पुढे उमराव जान नावाची गायिका आणि शायरा होते. या कादंबरीवर मुजफ्फर अली यांनी काढलेला 'उमराव जान' हा चित्रपट १९८१ मध्ये आला. त्यातील गझला शहरयार यांनी लिहिल्या. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दू शिकवत. संगीत खय्याम यांचे होते. गझला गाण्यासाठी त्यांनी आशा भोसले यांना बोलावले.

आशाबाईंचा जन्म सांगलीचा. नामवंत गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर हे त्यांचे वडील. आशाबाईंनी १९४३ साली, लहान वयातच, 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी गाणे गायले. 'उमराव जान'पर्यंत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ गाण्यात घालवला होता. त्यांची कितीतरी चपळ, खट्याळ गाणी घरोघर पोहोचली होती.

खय्याम यांना मात्र त्या ओळखीच्या आवाजातून उमराव जानचा आवाज काढायचा होता. मैफलीत बसून, मनातले दुःख शब्दांत घालणारी ती शायरा. म्हणून त्यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खालच्या पट्टीत गायला सांगितले.

पट्टी म्हणजे काय? हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांतली ज्याची त्याची 'सा'ची जागा ठरलेली असते. ती खाली नेली, की सारे गाणे खाली उतरते. आवाजाची चमक कमी होते. पण कोणी जवळ बसून मनातले सांगत आहे असे वाटते.

आशाबाईंना हे पटेना. खालच्या पट्टीत आपला आवाज खुलणार नाही, अशी त्यांना शंका वाटली. ही शंका चुकीची म्हणता येणार नाही. गाणे फसले, तर लोक गाणाऱ्यालाच नावे ठेवतात.

आता काय करावे? खय्याम यांनी हुकूम सोडला नाही आणि आपले म्हणणेही सोडले नाही. त्यांनी एक तोडगा काढला. गाणे आधी त्यांच्या पट्टीत मनापासून गायचे. मग आशाबाईंच्या पट्टीतही ध्वनिमुद्रण करायचे. दोन्हींतले जे चांगले, ते ठेवायचे. खय्याम यांनी पुढे मुलाखतींत ही हकीकत सांगितली आहे. आशाबाई खालच्या पट्टीत गायल्या आणि मुद्रण ऐकू लागल्या. स्वतःचाच आवाज त्यांना नवा वाटला. त्यांनी तीच पट्टी पसंत केली.

या चित्रपटासाठी १९८१ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत आशा भोसले उत्कृष्ट पार्श्वगायिका ठरल्या आणि खय्याम उत्कृष्ट संगीत दिग्दर्शक. आशाबाईंचा हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार होता.

मित्रांनो, आपला आवाज आपल्याला पूर्ण ओळखता येतोच असे नाही. कधी कधी आपल्यातली एखादी शक्ती दुसऱ्यालाच आधी दिसते. अशा वेळी सांगणाऱ्याने जबरदस्ती करू नये आणि ऐकणाऱ्याने करून पाहण्याआधी नाही म्हणू नये. खय्याम यांनी धीर धरला, आशाबाईंनी विश्वास ठेवला. म्हणून त्या गझला आजही ऐकाव्याशा वाटतात.

शब्दार्थ
तोडगा – वादातून काढलेला मार्ग
ध्वनिमुद्रण – आवाज साठवून ठेवणे, रेकॉर्डिंग
नावे ठेवणे – दोष देणे
माना डोलावणे – होकार देणे

स्वाध्याय
१. आशाबाईंना कोणती शंका वाटली?
२. खय्याम यांनी कोणता तोडगा काढला?
३. मैफल, शायरा, हुकूम, पसंत, हकीकत हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
४. मित्राने सांगितल्यामुळे तुम्ही एखादे काम नव्या रीतीने करून पाहिले आहे काय? पाच वाक्ये लिहा.